माती नाही म्हणे

अकोला, पोळ्यानंतरचा शुक्रवार

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या बँडच्या अल्बमवर लोकांनी इंटरनेटवर टाकलेली मतं आज सलीमनं जुन्या शहरातल्या त्याच्या खोलीत वाचून दाखवली. गिटार जड आहे, अंतराळात तरंगल्यासारखं होतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. बरं वाटलं. मग पुण्यात कार्यक्रम ठरवणाऱ्या एकाचा मेसेज. ‘वऱ्हाडातली पोरं, आणि संगीतात माती नाही? शेतकऱ्यांच्या मरणावर एक गाणं करा, मग बोलावतो.’

माती नाही! सकाळीच बार्शीटाकळीच्या आमच्या वावरात कपाशी फवारून आलो होतो मी. माती नाही म्हणे!

सलीम ड्रमवर बोटं आपटत म्हणाला, "करून टाकू ना एक. शो भेटून राहिला."

"दिवसभर मी वावरातच असतो. गिटार धरल्यावर बी तिथंच काहून राहू? आमचं मरणच पाह्यजे काय याले?"

ओरडलोच मी. सलीमनं त्या पुण्याच्या माणसाला उत्तर द्यायला फोन उचलला. मग माझं बोलणं त्यानं जसंच्या तसं टाइप केलं.

"शुद्ध तरी कर," मी म्हटलं.

"नाही," म्हणाला, आणि पाठवून दिलं.

शो गेला. मग आम्ही सगळ्यात लांब गाणं इतक्या जोरात वाजवलं, की खालचे चाचा भांडायला वर आले आणि दारातच बसून ऐकत राहिले.