मागच्या खोलीतली बाई

मंगळवार, ४ तारीख

घरात सिनेमा घुसला! नातीनेच आणला. शूटिंगसाठी घरं शोधून देणं हे तिचं काम, आणि या वेळी तिला आमचंच सापडलं. सकाळपासून वायरी, दिवे, पेट्या. मला ओट्याजवळ कोणी फिरकू देत नाही, चहासुद्धा हातात आणून देतात. अशी चैन बाळंतपणातही झाली नव्हती.

गोष्ट हसायची आहे म्हणे. जन्मभर संसार केलेले नवरा-बायको ठरवतात, आता वेगळं राहू या. भांडण नाही, तंटा नाही. नातेवाईक समजूत घालायला धावत येतात, तर मिटवायला भांडणच सापडत नाही. उलट नवराच बायकोसाठी खोली शोधत हिंडतो. मी म्हटलं, "असं कुठे असतं का?" नात म्हणाली, "नसतं म्हणून तर सिनेमा काढतात, आजी."

त्या बायकोची वेगळी खोली म्हणून आमची मागची खोली घेतली. तिथे यांचे मेलेले रेडिओ. दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा 'चार दिवस' म्हणून आणले, तेव्हा नात रांगत होती. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. आज सगळे बाहेर ओसरीत काढून वर ताडपत्री टाकली. हे प्रत्येक रेडिओमागे "सांभाळून, सांभाळून." मला जिना उतरताना कधी म्हणाले नाहीत.

बुधवार, ५ तारीख

नटी आली. बायकोचं काम करणारी. आल्या आल्या मला म्हणते, "आजी, त्रास देतोय हं तुम्हाला." आजी! माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असली तर असेल. केस रंगवले म्हणून गुडघे थोडेच तरुण होतात.

यांना मात्र "सर".

गुरुवार, ६ तारीख

नवऱ्याचं काम करणारा नट उशिरा येतो. तोवर दिवे नीट लावायला त्याच्या जागी त्याच्याच उंचीचं कोणीतरी बसवावं लागतं. यांना बसवलं. नटीशेजारी, आमच्याच सोफ्यावर. त्या सोफ्यावर यांची कंबर धरते, म्हणून हे कधी माझ्याजवळ बसत नाहीत. आज चांगले बराच वेळ बसले. कंबर कुठे गावाला गेली होती कोण जाणे.

ती काहीतरी म्हणाली आणि हे हसले. पार कवळी दिसेपर्यंत. मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहिलं.

जेवताना विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"काही नाही गं. रेडिओबद्दल विचारत होती."

रेडिओबद्दल विचारलं की माणूस हसतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. मी आपली विचारत राहिले, भाजी कशी झालीय.

शुक्रवार, ७ तारीख

हे उजाडायच्या आत दाढी करून तयार. इस्त्रीचा सदरा. लग्नाला जायचं असलं तरी मला तीनदा ओरडावं लागतं.

शनिवार, ८ तारीख

नातीजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, "आजी, तू जळतेस की काय?"

"मी कशाला जळू? धूर दिसतोय का कुठे?"

मेली हसत सुटली. सगळ्यांना सांगितलंन. दिवेवाला येता-जाता माझ्याकडे बघून नाकाने हुंगतो. मलाही हसू आलं, पण पोटातलं दुखणं काही थांबलं नाही.

रविवार, ९ तारीख

आज त्यांना सुट्टी. घर कसं चिडीचूप. मी मागच्या खोलीत डोकावले.

काय सुरेख मांडलीय! एक पलंग, एक दिवा, एक कप. पिवळा पडदा. खिडकीशी एक खुर्ची. त्या खोलीला खिडकी आहे हे मी विसरूनच गेले होते. रेडिओंच्या मागे बिचारी किती वर्षं उभी होती. दार लोटून खुर्चीत बसले, पाय वर घेतले. बाहेरून हाक आली, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" मी उत्तर दिलं नाही. सापडला त्यांना चष्मा.

तिथे बसल्यावर कळलं, मी उगाच त्या बाईच्या केसांवर जळत होते. मला तिची खोली पाहिजे. माहेरी बहिणींच्या रांगेत झोपले. सासरी स्वयंपाकघरात. मग मुलांच्या मध्ये, मग यांच्या घोरण्याशेजारी. जी बाई खरी नाहीच, तिला नवरा खोली शोधून देतो. आणि मी खरी आहे तर माझ्या वाट्याला चष्मा शोधणं.

मंगळवार, ११ तारीख

आज बायको नव्या खोलीत राहायला येते तो भाग. नवरा तिला पडदा लावून देतो आणि स्टुलावरून पडता पडता वाचतो. सगळे तोंड दाबून हसत होते. मी हसले नाही. ती खुर्चीत बसली आणि तिने पाय वर घेतले, अगदी माझ्यासारखे.

नंतर मला म्हणाली, "आवडलं का, आजी?"

"खुर्ची आवडली."

तिने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मलाही. माझा पलंग मुलाकडे हॉलमध्ये असतो. टीव्ही बंद झाला की माझी झोप सुरू."

आता हिच्यावर जळायचं तरी कसं? मी प्रयत्न केला. जमलं नाही. चहा करून दिला.

गुरुवार, १३ तारीख

शूटिंग संपलं. पलंग, दिवा, खुर्ची, सगळं भाड्याचं होतं, घेऊन गेले. पडदा तेवढा मागून घेतला. टेम्पो वळतोय तोच हे पहिला रेडिओ उचलून निघाले. मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"सरक ना."

"आत मी राहणार आहे."

"राहणार म्हणजे?"

"म्हणजे बसणार, झोपणार, दार लावणार."

"आपलं काही भांडण झालंय का?"

"नाही. म्हणून तर नीट सांगतेय."

हे रेडिओ तान्ह्या मुलासारखा धरून उभे. "त्या सिनेमाने डोकं फिरवलंय तुझं," म्हणाले. मी हलले नाही.

शुक्रवार, १४ तारीख

यांनी सोफ्यावर रेडिओ मांडलेत. मुद्दाम. बोलत नाहीत. मीही मागे सतरंजी अंथरली. घोरणं नव्हतं म्हणून झोप लागली नाही. हे कोणाला सांगायचं नाही.

शनिवार, १५ तारीख

दुपारी दार वाजलं. या माणसाने जन्मात घरातलं दार वाजवलेलं नाही, ढकलूनच येतो. घरात दोघंच, तरी मी विचारलं, "कोण?"

"मी आहे." मग जरा थांबून, "आत येऊ का?"

मी आधी केसांवरून कंगवा फिरवला.