दै म्हणजे कार्तिक

आबा, परवा आई घागरीसकट नाल्याच्या उतारावर पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला आहे. तिला निजवलं आणि मी तुमची पेटी उघडली. विहिरीच्या वाटेचा निकाल त्यात आहे, हे मला ठाऊक होतं. तुमच्या चुलतभावानं, काकांनी, काट्यांचं कुंपण घालून आपली वाट अडवली, बीडच्या अदालतीनं ती मोकळी करायला सांगितली, आणि तो निकाल बजावून घ्यायचा अर्ज तुम्ही कधी केलाच नाही, असं मी आजवर समजत होते. मुदत कधीच सरली असली, तरी तो कागद काकांपुढे ठेवून वाट मागावी, असं मनात होतं. आई पडल्या पडल्या म्हणाली, "राहू दे. तुझा बाप लई भिडस्त. भावाची भीड धरली अन् मला जन्मभर नाल्यावर घातलं."

सुरुवातीला भीड धरलीत हे खरंच. काकांच्या मुलीची सोयरीक ठरत होती. "अदालतीचा शिपाई दारात उभा राहिला तर पोरीचं लगीन मोडंल. तीन वर्सांची मियाद हाय, कागद कुटं पळून जातो?" असं तुम्ही म्हणायचा. मियाद सरली की जिंकलेला निकालही कोरा कागद होतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. लग्न झालं, लेक सासरी गेली, तरी काका कुंपण काढीनात. मग श्रावणातल्या एका दुपारी तुम्ही मला ओट्यावर बोलावता. चार माणसं पान खात बसली आहेत. घरात वाचता येणारी मी एकटी, अकरा वर्षांची. "वाच गं माय, कवापत्तूर हाय?" कागदावर निकालाची तारीख सरकारी फसली सालातल्या दै महिन्यातली आहे, म्हणजे तीन वर्षं दैमध्येच भरणार. आजूर, दै, बहमन अशी ती नावं मास्तरांनी घोकून घेतलेली, पण ते महिने कधी येतात ते कुणाला ठाऊक? पहिला आजूर म्हणजे चैत्र, दुसरा दै म्हणजे वैशाख, असं मी बोटांवर मोजते आणि सांगते, "येत्या वैशाखापर्यंत." निकालाची नक्कल तुमच्या हाती वैशाखातच पडली होती, म्हणून तुम्हालाही ते पटलं. शेजारचे एक जण म्हणाले, "आता हिला नवरा मुन्सफच बघावा लागंल." तुम्ही किती हसलात! सुगी उरकून जाऊ, असं ठरलं.

चैत्रात तुम्ही बीडला गेलात आणि परतलात ते माझ्यासाठी नवी पाटी घेऊन. आईनं विचारलं, "झालं का काम?" तुम्ही पागोटं उतरवत म्हणालात, "न्हाई. भाऊच हाय आपला. जिवावर आलं." त्याच पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात.

परवा त्या निकालाला टाचलेला तुमचा अर्ज मी पहिल्यांदा पाहिला. त्यावर उर्दूत शेरा आहे: नामंजूर, मियाद पाच महिन्यांपूर्वी संपली. आबा, मी आता शाळेत मुलींना हेच महिने शिकवते. फसली साल पावसाळा सरल्यावर सुरू होतं. दै म्हणजे कार्तिक. अदालतीतल्या कारकुनानं तुम्हालाही हे सांगितलं असणार, आणि चूक कुणाची ते तुम्हाला तिथेच कळलं असणार. ती पाटी अदालतीत जाण्याआधी घेतली होती की बाहेर आल्यावर? तुम्ही भेटलात तर मी एवढंच विचारीन. वाटेत कुठे टेकलात, काही खाल्लंत का, हेही विचारीन. तुम्ही उत्तराऐवजी नुसतं "कावून गं?" असं मलाच विचारलंत तरी चालेल.

त्या दुपारी मोजताना मला शंका आली होती. मास्तरांना विचारून सांगते, असं ओठांवर आलं होतं. पण तुम्ही चारचौघांत माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होतात की ते मी गिळलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. सांगायचं आहे ते खरं तर आईला. आज तिच्या गुडघ्यावर हळद लावत होते, तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "काय लिवलंय गं त्या कागदात?" मी म्हणाले, अक्षर लागत नाही.