एका गाण्याच्या चार प्रती

३ मार्च, मंगळवार
अखेर चौथी प्रत हाती आली. आता ते एकच गाणं माझ्याकडे चार रूपांत आहे. मूळ रेकॉर्ड, म्हणजे पहिलं प्रेसिंग. तीच रेकॉर्ड, नव्याने काढलेली. जुनी सीडी. आणि ‘सुधारित आवाजा’ची सीडी. माझ्या कॉलेजच्या दिवसांत हे गाणं प्रत्येक रेडिओवर आणि प्रत्येक सलूनमध्ये लागायचं. तेव्हा लोकांनी ते नुसतंच ऐकलं. शास्त्रशुद्ध तुलना कोणी केली नाही. मी करणार.

संकल्प: रोज एक तास. मनात पूर्वग्रह ठेवायचा नाही. (मूळ रेकॉर्डच सर्वोत्तम ठरणार, हे उघड आहे.)

बायकोने विचारलं, तेच गाणं चौथ्यांदा कशाला? म्हटलं, तेच नाही. ती ‘बरं’ म्हणाली. तिच्या ‘बरं’नंतर घरात काहीतरी होतंच.

५ मार्च, गुरुवार
पहिली निरीक्षणं.
मूळ रेकॉर्ड: ऊब. गायिका आपल्यासमोर खुर्ची ओढून बसल्यासारखी.
नवी रेकॉर्ड: तीच बाई, पण नोकरीच्या मुलाखतीला आलेली.
जुनी सीडी: दातांच्या डॉक्टरकडची वेटिंग रूम.
सुधारित सीडी: साडू फोनवर बोलतो तशी.

पद्धत: प्रत्येक प्रतीची फक्त सुरुवात लावायची, थांबवायचं, प्रत बदलायची, पुन्हा सुरुवात. पुढे ऐकत गेलं की माणूस गाण्यात गुंततो आणि तुलना बिघडते.

मूळ रेकॉर्ड लावताना मी आवाज वाढवतो, असं लेकीचं म्हणणं. वाढवत नाही. तिला तिचा न्याय देतो.

८ मार्च, रविवार
संकट.
सासूबाई मेहुणीकडे राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओथेरपीवाल्या बाई येऊन गेल्या, त्यालाही किती दिवस झाले, पण जिन्याचा धीर अजून होत नाही. दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघतात. आपल्याकडे तळमजल्यावर एक खोली आहे, शेजारीच बाथरूम आहे, असं बायको म्हणाली. जणू मला माहीत नव्हतं. ती माझी ऐकण्याची खोली आहे.

मी मोठ्या मनाने हॉलमध्ये कॉट टाकायला तयार झालो. ती म्हणाली, हॉलमधून बाथरूमला जायला पायऱ्या आहेत, हॉलमध्ये तुमची खुर्ची टाका. मग मी शांतपणे समजावलं. त्या खोलीचा आवाज घडवायला वर्षं लागली आहेत. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट. (पुस्तकं वाचायची नाहीत, आवाज शोषून घ्यायला आहेत.) हॉलमध्ये चार प्रतींतला फरक कळणारच नाही.

“आणि त्या खोलीत कळतो?”

बहिऱ्यालाही कळेल, असं मी म्हणून गेलो.

“मग येत्या रविवारी डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखा. ओळखलंत तर खोली तुमची, आईचं मी दुसरं काहीतरी बघते. नाही ओळखलंत तर सोमवारी तिची कॉट येईल.”

लगेच मंजूर केलं. बायकोची थोडी कीवच आली.

१० मार्च, मंगळवार
नियम ठरले. पाच फेऱ्या. प्रत्येक वेळी एवढंच सांगायचं: रेकॉर्ड की सीडी. एक चूक माफ. (माफीची गरज नाही असं मी सांगितलं, बायकोने तरी ठेवली.) साक्षीदार साडू. तो पक्षपाती आहे, कारण सासूबाई त्याच्याच घरून निघायच्या आहेत. चालेल. त्याचा पराभव त्याने डोळ्यांनी बघावा.

साडूची एकच अट. चारही प्रतींचा आवाज आधी मोजून सारखा करायचा, कारण जे मोठ्याने वाजतं ते चांगलंच वाटतं. हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. ज्याने आयुष्यभर फोनवर गाणी ऐकली त्याने आवाजाविषयी बोलू नये.

११ मार्च, बुधवार
कानांना विश्रांती हवी म्हणून कापसाचे बोळे घालून ऑफिसला गेलो. (रंगाच्या कारखान्यात छटा तपासण्याचं माझं काम. डोळ्यांचं आहे, त्यामुळे कान मोकळे.) साहेबांनी डब्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यावरून हस्तिदंती रंगाचे डबे मोतिया म्हणून रवाना झाले. हस्तिदंती आणि मोतियातला फरक सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही.

१३ मार्च, शुक्रवार
गिऱ्हाइकाला कळला. अर्धी भिंत रंगवून झाल्यावर. साहेब बोलले. बोळे काढले नव्हते, त्यामुळे मनाला फारसं लागलं नाही.

१४ मार्च, शनिवार
तयारी पूर्ण. दूध बंद, त्याने घसा आणि पर्यायाने कान जड होतात. चहा कोरा. लेकीने विचारलं, बाबा, हरलात तर काय? काय हा प्रश्न.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मूळ रेकॉर्डवर दुसऱ्या ओळीपाशी एक ओरखडा आहे. तिथे ‘चट्’ असा आवाज येतो. नव्या रेकॉर्डवर सुरुवातीलाच धुळीची खरखर आहे. सीडीत यातलं काही नाही. त्यामुळे उद्याचं काही कठीण नाही. याला फसवणूक म्हणत नाहीत, व्यासंग म्हणतात.

संध्याकाळी. उद्या साडू येणार, तर रेकॉर्ड कशा दिसल्या पाहिजेत. खास द्रावणाने दोन्ही धुतल्या, मऊ ब्रशने घासल्या, सुकवल्या. प्लेअरला नवी पिनही बसवली. लावून पाहिल्या. काय आवाज! इतका स्वच्छ, की सीडीच वाटावी. समाधानाने झोपतो.

१५ मार्च, रविवार, सकाळ
‘चट्’ गेलं.
ओरखडा नव्हताच. कसलातरी चिकट कण होता. काल धुतला.
खरखरही गेली.
रेकॉर्ड अंगणातल्या मातीत जरा घासून आणावी असं क्षणभर मनात आलं. अंगणात बायको होती.
हरकत नाही. ऊब आहे ना. ऊब धुतली जात नाही.

तोच दिवस, दुपार
लेकीच्या ओढणीने डोळे बांधले. प्रती बदलायला बायको. मी माझ्या खुर्चीत.

पहिली फेरी. ऊब जाणवली. रेकॉर्ड म्हणालो. सुधारित सीडी होती.
दुसरी. मुलाखतीला आलेली बाई. रेकॉर्ड. बरोबर. आवाजात जरब आणून “पुढचं” म्हणालो.
तिसरी. दुसऱ्या ओळीपाशी स्पष्ट ‘चट्’. हायसं वाटलं. “मूळ रेकॉर्ड. वर्षही सांगू?” सीडी होती. साडूने बोटं मोडली होती. त्याला तशी सवयच आहे म्हणे.
चौथी. सावध झालो. सीडी म्हणालो. नवी रेकॉर्ड.
पाचवी. थंड, कोरडं, दातांचा डॉक्टर. “जुनी सीडी,” म्हणालो. हिशेब संपलाच होता, पण शेवट गोड व्हावा.

मूळ रेकॉर्ड होती. पहिलं प्रेसिंग.

कोणी हसलं नाही. साडू छताकडे बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी जास्त बरोबर आलं असतं, असं लेक म्हणाली. तिला कॉलेजात सध्या तेच शिकवतात.

चुकीची कारणं: ओढणी कानांवर येत होती. साडूने सेंट लावला होता. कोऱ्या चहाने कान कोरडे पडले.

एक गोष्ट विसरण्याआधी लिहितो. ओढणी सोडली तरी बायकोने रेकॉर्ड थांबवली नाही. गाणं पुढे गेलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. ती सीड्या खोक्यात भरत होती आणि शब्द न् शब्द म्हणत होती. हिला हे गाणं पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “कॉलेजात असताना आमच्या घरी दुसरं काही लागायचंच नाही. आई कंटाळायची. तुम्ही कधी पुढे जाऊच दिलं नाहीत.”

१६ मार्च, सोमवार
रजा टाकली. साडूने आणि मी सासूबाईंना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. खालची बाजू माझ्याकडे, म्हणजे भार सगळा माझ्याकडे. साडूचं म्हणणं उलटं. दर वळणावर सासूबाई म्हणत, जावईबापू, दमलात का? मी नाही म्हणत होतो आणि त्या साडूला थांबायला सांगत होत्या. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, लगेच घरी नको, जरा एक चक्कर मारू या. मारली. बाजार, शाळा, नवा पूल. त्यांनी काच पूर्ण खाली करायला लावली.

कॉट नेमकी माझ्या खुर्चीच्या जागी आली. दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावरची ती एकच जागा आहे. खिडकीही तिथेच आहे, हे आज लक्षात आलं. जाड पडदे बायकोने उतरवले.

१८ मार्च, बुधवार
संकल्प: सासूबाई दुपारी झोपल्या की हेडफोनवर काम चालू ठेवायचं.
त्या दुपारी झोपत नाहीत.

२२ मार्च, रविवार
संध्याकाळी हॉलमध्ये बसलो होतो. खोलीचं दार लोटलेलं. आतून ते गाणं सुरू झालं. मी उठून उभाच राहिलो. इतका भरलेला, मऊ आवाज मी आजवर ऐकला नव्हता. गायिका पलीकडे, खर्जातला बास जमिनीवर, मध्ये मोकळी हवा. मूळ रेकॉर्ड. शंकाच नाही. त्या दिवशीची परीक्षा कशी अन्यायाची होती, ते सिद्ध करायची हीच वेळ. बायको आतच असणार म्हणून दार ढकललं आणि म्हणालो, “बघ! हीच ती ऊब.”

प्लेअरवर चादर होती. चादरीवर सासूबाईंच्या गोळ्या आणि चष्म्याचं घर. खिडकीत स्टीलचा पेला, त्यात उभा केलेला बायकोचा फोन. पेल्यात ठेवला की जरा मोठं ऐकू येतं, साडूने शिकवलं, असं सासूबाई म्हणाल्या. मग विचारलं, फार मोठा झालाय का? बंद करू?

नको म्हणालो.

पेल्याचा पत्रा पातळ आहे, त्यामुळे वरचे सूर जरा टोचतात. घरात पितळेचा एक असावा, त्यात ऊब वाढेल. बायकोला विचारणार होतो. पण ती कॉटवर आईला टेकून बसली होती, दोघी गुणगुणत होत्या, एकीचे शब्द बरोबर आणि दुसरीचे चूक. बसायला तिसरी जागा नव्हती. मी गाणं संपेपर्यंत दारातच उभा राहिलो.