लाल पेन्सिलीची खूण

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! संगमनेरहून पहाटे निघालेली आमची जीप माणगाव, म्हसळा करत दुपारी दिघीला आली. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडायची. जीप बोटीत चढताना डॉ. पियूष यांनी डोळे घट्ट मिटले आणि मी पोट धरून हसले. चर्चच्या वैद्यकीय शिबिराला नर्स मिळत नव्हती, म्हणून मी दहा दिवसांची रजा टाकून आले. बारा वर्षं दवाखान्यात इंजेक्शनं टोचली, पण खिडकीतून समुद्र दिसतोय असं पहिल्यांदाच.

आमचं शिबिर ज्या अनाथाश्रमात आहे ते करुणासदन खाडीपलीकडच्या आगरदांड्यापासून थोडं आत, सुरूच्या बनाला लागून आहे. एकवीस मुलं. कोकिळाबाई सगळं बघतात. त्यांनी सांगितलं की ज्याला आईही नाही आणि बापही नाही, अशाच मुलाला इथे घेतात. दोघांतलं एक जरी असलं तरी नाही. मुलं वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्यांतून तिथल्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, पत्रं घेऊन येतात. आमच्या मंडळीतूनही दोघं आलेली आहेत.

संध्याकाळच्या उपासनेत पाहुण्यांनी दोन शब्द बोलायची रीत आहे. डॉक्टर म्हणाले, गुडघा दुखत नसता तर रोज तुमच्याशी क्रिकेट खेळलो असतो. माझ्या तर जिभेला हाडच नाही. मी म्हटलं, घरी माझी लेक तेजू नसती आणि दवाखान्याची नोकरी नसती, तर मी कायमची इथेच राहिले असते! मुलांनी 'पूनमताई, पूनमताई' करत टाळ्या वाजवल्या. नेत्रा नावाची अकरा वर्षांची मुलगी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

तेजूला शेजारच्या मनुबाईंकडे ठेवलंय. सात वर्षांची आहे, बाप गेल्यापासून मलाच चिकटून असते. फोनवर तिने शंख मागितलाय, मोठा, कानाला लावायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर खरूज, कान आणि किडके दात. मुलं इतकी शहाणी की सुई पाहूनही रडत नाहीत.

नेत्राच्या हातातली ती वही प्रार्थनेची निघाली. कोणासाठी काय मागायचं ते ती लिहिते, सगळी मुलं रोज मिळून तेच मागतात आणि मागणं पुरं झालं की समोर लाल पेन्सिलीने खूण करतात. कोकिळाबाईंना त्याचा फार अभिमान. आज तर गंमतच झाली. डॉक्टरांचा सहा वर्षांचा दुखरा गुडघा सकाळपासून ठणठणीत! दुपारी त्यांनी मुलांना तासभर बॉलिंग केली. नेत्राने वहीत खूण केली.

स्वयंपाकाच्या सखुबाईंना मात्र हसू आलं नाही. भांडी घासता घासता म्हणाल्या, "पोरांसमोर जपून बोल गो बाय. ती इसरत न्हाईत." मी हसून सोडून दिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला. आमचा वॉर्ड बंद करतायत. चार नर्सेसना कमी केलंय, त्यात माझं नाव. बारा वर्षं राबले आणि दोन मिनिटांत संपवलं. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बाहेर आले तर मुलं रांगेत उभी होती. एकेकाने माझा हात हातात घेतला. सगळ्यांचे चेहरे आनंदी होते. मला ते आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मुलं अंघोळीला गेली तेव्हा वही उघडून पाहिली. सुवाच्य अक्षर आहे.

डॉक्टरांचा गुडघा. समोर लाल खूण.

पूनमताईंची नोकरी. समोर लाल खूण.

पूनमताईंची तेजू. समोर अजून काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मनुबाईंचा फोन. तेजूला ताप आलाय, एकशे दोन.

मी नेत्राला बाजूला घेऊन विनवलं, ते नाव खोड म्हणून. ती शांतपणे म्हणाली की आम्ही कोणाचं वाईट मागत नाही, तुम्हाला इथे राहायला जी अडचण आहे ती दूर कर, एवढंच देवाकडे मागतो. लिहिलेलं खोडायची पद्धत नाही. कोकिळाबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, लेकरांचं प्रेम आहे, मनाला लावून घेऊ नका.

मी ते पान फाडून चुलीत घातलं. संध्याकाळी मुलांनी ते तोंडपाठ म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शिबिर गेलं खड्ड्यात, मी निघाले. डॉक्टरही सोबत आले. बोट खाडीच्या मध्यावर असताना मनुबाईंचा फोन आला, तेजूला आकडी आलीय. दिघी सोडून घाटाला लागलो तसा दुसरा फोन. ओठ निळे पडलेत, श्वास घेता येईना.

मी जीप थांबवली. मी करुणासदनपासून जेवढी लांब जातेय तेवढी तेजू खालावतेय, असं मनात आलं. ड्रायव्हरला म्हटलं, मागे वळव. डॉक्टर म्हणाले, तुमचं डोकं फिरलंय, हा योगायोग आहे. त्यांच्या पाया पडले आणि त्यांना एसटीने तेजूकडे पाठवलं. जीप पुन्हा बोटीत चढली तेव्हा मनुबाईंनी कळवलं, तेजूने डोळे उघडले. करुणासदनच्या फाटकाशी आले तेव्हा ताप शंभरवर. फोनवर तिने शंखाची आठवण केली.

मी नर्स आहे. असं होत नसतं. पण झालं.

फाटकाशी मुलं उभी होती. आत भिंतीवर मुलांच्या नावांच्या, कपडे अडकवायच्या खुंट्यांची रांग आहे; तिच्यात एक नवी खुंटी होती, तिच्यावर माझं नाव.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर पोचले. ताप पुन्हा चढलाय, एकशे तीन, कशाचा ते कळत नाही म्हणतात. नगरला हलवायचं बोलतायत. काही उपयोग होणार नाही, मला माहीत आहे; मुलांचं मागणं अजून तसंच आहे.

रात्रभर विचार केला होता. मुलांना मी हवी आहे ना? मग राहते. दुपारी नेत्रासमोर गुडघे टेकले. म्हटलं, मी कुठे जात नाही, आयुष्यभर नाही. फक्त माझी तेजू इथे राहायला येऊ दे, एवढं मागा. तुमच्यातच वाढेल ती.

नेत्राचा चेहरा फुलला. तिने लगेच लिहून घेतलं. तेजूची अडचण तर दूर झालीच, म्हणत आधीचं मागणं आपण होऊन सोडून दिलं. मुलांनी तिथल्या तिथे हात जोडले.

पाच वाजता डॉक्टरांचा फोन, ताप उतरला! तेजू वरणभात जेवली. देवा, तुझे उपकार. मी मोठ्याने रडले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेजू उड्या मारतेय म्हणे. माझंच अंग मोडून आलंय. जागरणाने असेल. ताप शंभर.

सखुबाई पेज घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पोरीला बाप आहे का. नाही म्हटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मंग ती हितं येल कशी, बाय? तिला तर आई हाय."

दुपारी एक

एकशे तीन. गोळ्या घेतल्या. उतरत नाही. नेत्राला सांगितलं, बदल, दुसरं काहीही लिही— लिहिलेलं खोडत नाहीत म्हणाली.

दोन

एकशे चार. कोकिळाबाई पट्ट्या ठेवतात. आमच्या पाळकांना पत्रासाठी कळवलंय म्हणतात. तेजूची काळजी करू नका, आम्ही आहोत, म्हणतात. नको— तुम्ही नको—

डॉक्टर फोन उचलत नाहीत. अक्षर नीट येत

बाहेर मुलं म्हणतायत. सगळी मिळून. माझं नाव नाही त्यात. तेजूचंच

नेत्रा आली. तेजूची उंची विचारते. फ्रॉक शिवायचाय. हातात लाल पेन्सिल आहे—

मनुबाई, कोणाचंही पत्र आलं तरी तेजूला इथे