पाळण्याआधी पुस्तकं

४ फेब्रुवारी
तलासहून फोन. मीरिमला मुलगा झाला. मी आजोबा. चाळीस दिवस झाले की ती बाळाला घेऊन माहेरी येणार. पाळणा, म्हणजे बेशिक, आईच्या वडिलांनी द्यायचा, ही आपली रीत. बाजारातला रंग फासलेला बेशिक मी देणार नाही, माझ्या हातचा देणार. झूराला तसं सांगितलं. म्हणाली, म्हातारबा, आधी मीरिमची खोली रिकामी करा, पोरगी झोपणार कुठे, तुमच्या पुस्तकांवर?
बायकोला दूरदृष्टी नाही. पाळणा कसा करायचा, ते त्या पुस्तकांतच आहे.

६ फेब्रुवारी
योजना तयार. पहिला आठवडा निवड, दुसरा वाटप, तिसरा पाळणा, मग विश्रांती. ट्रॉलीबस डेपोचं वेळापत्रक मी सांभाळलं आहे. अख्ख्या बिश्केकमध्ये माझ्यामुळे एकही गाडी उशिरा सुटली नाही. ज्या सुटल्या त्या ड्रायव्हरमुळे.
आजच सुरुवात करणार होतो. पाठीत उसण भरली.

११ फेब्रुवारी
दणक्यात सुरुवात. तीन ढीग: ठेवायची, द्यायची, विचार करायची. जेवणापर्यंत पहिला ढीग पलंगभर झाला, तिसरा खिडकीला टेकला. द्यायच्या ढिगात एकच पुस्तक, टोपल्या विणण्याचं.
संध्याकाळी तेही परत घेतलं. घरात बाळ येतंय, टोपली लागू शकते.

१५ फेब्रुवारी
ढीग ही पद्धतच चुकीची. आता विभाग: लाकूड, लोकर, चामडं. घोड्याचं जीन बनवण्याच्या पुस्तकाने अर्धा दिवस खाल्ला, कारण जिनाला लाकूडही लागतं आणि चामडंही. झूराने दारातून विचारलं, आपल्याकडे घोडा आहे का?
जीन शेवटी लाकडात लावलं.

२३ फेब्रुवारी
पुरुषांचा सण, म्हणून साडू एसेनकुल जेवायला. त्याच्या घरात पुस्तक नावाला नाही. म्हणाला, दाजी, द्या इकडे, तासाभरात सगळं माझ्या गॅरेजमध्ये टाकतो. त्या गॅरेजमध्ये ओल आहे. नम्रपणे नकार दिला. झूरा म्हणते, नम्रपणे नव्हता.

५ मार्च
जुनं सामान घेणारा आला. पुस्तकं चाळली. म्हणाला, काका, आता लोक हे सगळं फोनवर बघतात, ही फुकटसुद्धा नकोत. मात्र पुस्तकांचं कपाट त्याला आवडलं. भाव बरा आला. दिलं.
पुस्तकं आता जमिनीवर आहेत, पण खोली मोठी वाटते. भिंत किती वर्षांनी दिसली.

८ मार्च
महिला दिन. झूराला लोकरीच्या चपला बनवण्याचं पुस्तक दिलं. नवीन आहे, पण भेट असल्यामुळे ते संग्रहात धरत नाही. तिने ते न उघडता द्यायच्या ढिगावर ठेवलं. ढीग मी रद्द केले आहेत, हे तिला पुन्हा सांगावं लागलं.

१४ मार्च
बेशिकची कृती सापडली! सुंदर आकृत्या. पहिलीच सूचना: वाळुंजाचं लाकूड, वर्षभर सावलीत सुकवलेलं.
हे लेखकाने मुखपृष्ठावर छापायला हवं होतं. माझी तयारी पूर्ण होती.

१७ मार्च
मीरिम आली. दिवसभर घाटातून टॅक्सीने, मांडीवर बाळ. मी पलंगावरच्या पुस्तकांवर रजई अंथरून ठेवली होती, दिसायला नीट. ती दारातच उभी राहिली. मी तिला रचना समजावली: डावीकडे लाकूड, उजवीकडे लोकर. तिने बापाला विचारलं, अता, याला ठेवू कुठे?
म्हटलं, तात्पुरतं चामड्यावर ठेव, तो थर सपाट आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिला शाळेतून आणायला विसरलो की अशीच बघायची. मग झूराने बहिणीला फोन लावला. एसेनकुल गाडी घेऊन हजर, वाटच बघत असल्यासारखा. मायलेकी बाळाला घेऊन त्याच्या घरी गेल्या. मीरिमसाठी कणकेचे बोरसोक तळून ठेवले होते, तेही झूराने डब्यात भरून नेले.
चारच दिवसांचा प्रश्न आहे, तेवढ्यात खोली लावतो.

२१ मार्च
नौरूज. सगळे तिकडेच. शेजारणीने वाटीभर सुमोलोक, सणाची गव्हाची खीर, आणून दिलं. घरात शांतता आहे, काम झपाट्याने होईल. लोकर विभाग नव्याने लावायला घेतला.

२६ मार्च
झूरा कपडे न्यायला आली होती. म्हणाली, काल बाळाला पाळण्यात घातलं. पाळणा बाजारातला, लाल-पिवळा. तो कोणी आणायचा हा प्रश्न आला, तेव्हा एसेनकुलने जाऊन विकत आणला. म्हाताऱ्या बायकांनी त्यालाच आजोबांचा मान दिला. मला का बोलावलं नाही विचारलं. म्हणाली, तुम्ही कामात होता ना.
मीरिम आज सकाळी तलासला परत गेली. पुन्हा कधी येणार, विचारलं. झूरा पिशवीला गाठ मारत म्हणाली, ठरलंय, पण तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. अतांना तारीख कळली की ते आवरायला घेतात.
समजूतदार मुलगी. मला त्रास नको म्हणून.
झूरा जिना उतरून गेल्यावर वाटलं, बाळाचा फोटो तरी मागायचा. फोन लावला, आणि बाळाचं नावच आठवेना. नाव त्यांनी केव्हाच ठेवलंय. मीरिमने मला फोनवर सांगितलंही होतं, मी तेव्हा चामडं लावत होतो. झूराने फोन उचलला, काय हवंय विचारलं. काही नाही म्हटलं आणि ठेवला. मला फार वाईट वाटतंय.