कारण : सुरक्षितता

प्रिय वहिनी,

ही हाक मारायचा हक्क अजून आहे, तोवर मारून घेते. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तुझ्या वकीलबाईंनी नेहमीसारखं स्वतःच्या पाकिटात घालून पाठवलं होतं, तुझ्या पत्त्याचा मागमूस नसलेलं, आणि ते तसंच बरं आहे. पुढेमागे मी लाडात येऊन विचारलं तरी मला पत्ता कळवू नकोस. का, ते पुढे येईलच. आधी तुझ्या अक्षराबद्दल. सामानाची यादीसुद्धा चौकटीत घालून भिंतीवर लावावी असं तुझं अक्षर, आणि आता प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरत गेलेली. मनगटातली कळ अजून जात नाही, दातांच्या कवळ्या घडवायचं बारीक काम आता जमत नाही म्हणून तुझ्या कामावरच्या लोकांनी तुला साचे धुवायला बसवलंय, हे तू दोन ओळींत उरकलंस. आणि मग दीड पान तुझ्या त्या शिंपीण मैत्रिणीवर, टाचणीवर. तिचं तोंड जन्मात बघणार नाही, दादाचं घर सोडल्यावर तू कुठे राहतेस ते जगात एकट्या तिला माहीत होतं आणि तिच्याच तोंडून ते फुटलं, तिने स्वतः कबूलही केलं, वगैरे. शेवटी माझ्याबद्दल लिहिलंस, की सासरच्या माणसांत तू एकटीच माझी निघालीस, तू देवमाणूस आहेस. वहिनी, ते वाचून मी पत्र मिटलं आणि कपाटात कपड्यांखाली दडवून ठेवलं. घरात मी एकटी, मग कुणापासून दडवलं कोण जाणे.

माझ्या कामाबद्दल तू कधी धड विचारलं नाहीस, कारण तुला त्याचा तिटकारा. आज मात्र ऐकून घे. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला, चौदा टेबलं. रस्त्यावरचा कॅमेरा येणाऱ्या प्रत्येक गाडीचा पुढच्या काचेतून फोटो घेतो. पट्टा लावलाय का, हातात मोबाइल आहे का, हे आधी यंत्र बघतं आणि संशय आला की फोटो आमच्यापुढे टाकतं. आम्ही हो किंवा नाही दाबायचं. एका पाळीत आठ-नऊशे फोटो. यंत्राची अक्कल काय वर्णावी, केळं खाणारा माणूस त्याला मोबाइलवर बोलतोय असं वाटतं. एका बाईने नुसता गालाला हात लावला होता, दाढ ठणकत असणार बिचारीची, तीही सापडली. आम्ही हसतो, नाही असं नाही. पण माणसं गाडीत एकटी असली की काय काय करतात गं! गाणी म्हणतात, नाकात बोटं घालतात, समोरच्या रिकाम्या रस्त्याशी तावातावाने भांडतात. आणि रडतात. इतकी माणसं गाडीत रडतात हे मला या नोकरीत कळलं. घरी रडायची सोय नसावी. शेजारी बसलेल्याचा चेहरा धूसर करायचा असा नियम आहे, तो यंत्र कधी पाळतं, कधी विसरतं.

तू एकदा जेवताना म्हणाली होतीस की गाडी म्हणजे तुझी एकटीची खोली आहे, तिच्यात कुणी डोकावलेलं तुला खपणार नाही. मी उसळलेच. पुलाच्या वळणावर कॅमेरे बसायच्या आधी तीन पोरं गाड्यांखाली गेली होती, बसल्यापासून एकही नाही, ते तुला नको का, असं काहीतरी तोऱ्यात बोलले. ते खरं होतं आणि आजही खरं आहे, त्यावरून मी मागे हटणार नाही. पण त्यापुढे जे बोलले ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय, असं मी तुला हसत हसत विचारलं. तू दादाकडे बघितलंस आणि पाणी आणायला उठलीस. तो अख्खा उन्हाळा तू लांब बाह्यांचे कपडे घालून वावरत होतीस. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही.

दादाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती गं. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची. मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारा, माझ्या वेण्या वाकड्यातिकड्या घालून वर छान दिसतेस म्हणून सांगणारा तो. तू गेल्यानंतर तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि हमसून हमसून रडला. तू जिवाचं बरंवाईट करून घेशील अशी त्याला धास्ती होती म्हणे. तुला परत आणायचं नाही, भेटायचंही नाही, फक्त तू धडधाकट आहेस एवढं कळलं की तो तुझ्या वाटेला जाणार नव्हता. तुझ्या तर हातात आहे, असं म्हणून त्याने माझा हात धरला. मी त्याला चहा करून दिला. मनात कुठेतरी खटकलं होतं, पण ते मी चहाबरोबर गिळून टाकलं.

कुठल्याही गाडीचा नंबर शोधायचा तर आमच्याकडे पडद्यावर एक चौकट येते, कारण लिहा म्हणून. काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. माझ्या शेजारचा तर नुसतं टिंब देऊन मोकळा होतो. मी पडले नाकासमोर चालणारी. नीट विचार करून मी शब्द लिहिला, सुरक्षितता. मग तुझ्या गाडीचा नंबर टाकला. तो मला पाठच होता, गाडी घ्यायला तुझ्याबरोबर मीच तर आले होते. सत्तावीस फोटो आले. यंत्राने तुझ्यावर एकदाही संशय घेतलेला नव्हता, तरी सगळे साठवलेले. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जुन्या गिरणीच्या रस्त्यावरून बाहेर, संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत तिकडेच. पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि एका फोटोत तुझं तोंड उघडं, मान जराशी तिरकी. तू गात होतीस. आमच्या घरात नऊ वर्षं काढलीस, पण तुला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. तिथे थांबायचं होतं ना मी! पण नाही. जिन्यात जाऊन दादाला फोन लावला, सांगितलं की ती मजेत आहे, चक्क गाणं म्हणत होती, रोज जुन्या गिरणीच्या रस्त्याने जाते-येते. मला वाटलं मी आनंदाची बातमी देतेय. रस्ताच तर सांगितला, घर कुठे सांगितलं, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. त्या रस्त्यावर घरं आहेत अकरा, आणि त्यातल्या एकाखाली तुझी हिरवी गाडी उभी.

चौथ्या दिवशी, तुझी सुट्टी असताना, भर दुपारी दादा टाचणीच्या दुकानावरच्या तुझ्या खोलीचा जिना चढून आला. दार त्याने कसं ठोकलं, काय काय बोलला, हे मला पोलिसांच्या कागदातून कळलं. तू मागच्या खिडकीतून पत्र्यावर उतरलीस, तिथून खाली उडी घेतलीस आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. मी इस्पितळात तुझे कपडे घेऊन आले तेव्हा तू डाव्या हाताने मला जवळ ओढून घेतलंस. तेवढ्यात टाचणी आली. रडून रडून डोळे सुजलेले, हातात तुझी चादर. तू तिला विचारलंस, तू कुणाला बोललीस का. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, बोलले असेन गं, माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे. तू तिला दारातूनच परत पाठवलंस, आणि मी तुझ्या खाटेशेजारी उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. नोकरी जाईल, दादा आणखी अडकेल, तुझ्या हाताला अजून प्लॅस्टर आहे, तुला आत्ता धक्का नको, मी रोज नवी सबब काढत गेले. पण खरी गोष्ट वेगळीच होती. तू मला आपलं मानत होतीस आणि ते मला सोडवत नव्हतं.

मागच्या महिन्यात दादा पुन्हा आला. कोर्टाने त्याला तुझ्यापासून लांब राहायला सांगितलंय, तरी आला. तेच स्टूल, तेच रडणं, तीच धास्ती. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि तेव्हा मला कळलं की पहिल्या खेपेलाही ते पाठ करूनच आणलेलं असणार. मी दार उघडलं आणि तो जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. तुझं पत्र आल्यावर शुक्रवारी सकाळी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर नोंद काढली. कुणी कधी काय शोधलं ते सगळं यंत्र लिहून ठेवतं, आम्हा चौदा जणांपैकी कुणालाच ते आठवत नव्हतं. माझा क्रमांक, तारीख, वेळ, तुझ्या गाडीचा नंबर आणि पुढे मी लिहिलेलं ते कारण. साहेब तो कागद बराच वेळ वाचत राहिले. मला घरी बसवलंय, चौकशी होईल. जाताना बघितलं तर शेजारच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, टिंबं आठवत असणार त्याला. त्या नोंदीची एक प्रत या पत्राला जोडली आहे. वकीलबाईंना दाखव, माझ्याविरुद्ध जे करायचं ते त्यांना करू दे. मी हो म्हणेन.

वहिनी, नुसतं एवढंच सांगायचं असतं तर मी आणखी चौदा महिने गप्प बसले असते, तेवढी भित्री मी आहे. पण काल मी टाचणीकडे गेले होते. तुझ्याआधी तिची माफी मागावी असं वाटलं. दुकान ओळखू येत नाही. रेडिओ नाही, गिऱ्हाइकांनी बसून गप्पा माराव्यात म्हणून ठेवलेली खुर्ची नाही, भिंतीवर चिठ्ठी की माप द्या आणि कधी हवं तो वार सांगा, बोलू नका. दातांत चार टाचण्या धरूनही जिची टकळी चालू असायची ती बाई आता मान खाली घालून मशिन चालवते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नोंदीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाली, तू चांगल्या मनाची आहेस, भावाची बहीण म्हणून सगळं स्वतःवर घेतेस, पण उगाच घेऊ नकोस. तिला आता स्पष्ट आठवतंय. मंगळवार होता, राखाडी कोटाचं अस्तर बदलायला एक बाई आली होती, आणि बोलता बोलता टाचणी तिला म्हणाली की वर माझी मैत्रीण राहायला आलीये. आधी खात्री नव्हती, पण रोज आठवून आठवून आता तिला त्या कोटाची बटणंसुद्धा दिसतात. मी तिची कामाची वही मागितली, तो अख्खा महिना बोट ठेवून वाचून काढला. राखाडी कोट कुठेच नाही. ती म्हणाली, लिहायचा राहिला असेल. चौदा महिने ती माझा गुन्हा आठवत बसली आहे गं, आणि आता माझ्या सांगण्याने तो तिच्याकडून सुटत नाही. इस्पितळात ती तुला, बोलले असेन, असं म्हणाली, ते तूच तिच्याकडून परत घ्यायला हवंस. मला माफ करू नकोस, उत्तरही लिहू नकोस, पण वकीलबाईंच्या कचेरीत तिला बोलावून घे, तिच्यासमोर बस आणि तिला सांग, की ती कुणाला काहीच बोलली नव्हती.

अजून तरी तुझीच,
नणंद