सहा आठवडे पालक आणि झेंडू

२ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. नजर कडेकडून आकसतेय. सहा आठवड्यांनी पुन्हा फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं याची तपासणी. आणखी आकसली असेल तर गाडीचं काम कायमचं बंद. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी बंद म्हणजे मी बंद. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणे. लावत नाही. शिकाऊंच्या शेजारी बसतो. नियम पाळणारा माणूस आहे मी.

३ मार्च
नेटवर वाचलं. वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट्स पडद्याच्या पेशी वाचवतात. बाईंना फोन केला. म्हणाल्या, आशा आहे, पण बरंचसं काम अजून उंदरांवरच झालंय. उत्तम. एवढ्याशा उंदराला गुण येतो, मी तर ऐंशी किलोंचा आहे.
संकल्प: रोज दोन पेले पालकाचा रस. चहा बंद.

४ मार्च
चहा चालू. चहासुद्धा वनस्पतीच.

१२ मार्च
झेंडूत ल्युटिन असतं, तेही पडद्याला चांगलं म्हणे. शेजारच्या काकूंच्या कुंडीतली तीन फुलं खाल्ली. कडू. काकू तक्रार घेऊन आल्या. मी कानांवर हात ठेवले. बायको म्हणाली, आधी मिशीतली पाकळी काढा.

२० मार्च
स्पष्ट सुधारणा. समोरचं सगळं लख्ख दिसतं. कपाटाचं दार दोनदा कपाळाला लागलं, पण ते बाजूला होतं.

२९ मार्च
माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या शाळेच्या मास्तरीणबाईंनी आपणहून ब्रेक दाबला. डावीकडून एक आजोबा आले म्हणे. मी म्हणालो, छान, तुमची परीक्षाच बघत होतो. पालक कमी पडतोय. तीन पेले.

१२ एप्रिल
उद्या टेस्ट. यंत्रात डोकं घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. युक्ती सुचली: दर दोन सेकंदांनी दाबायचं. ही लबाडी नव्हे. औषधाला थोडा हातभार.

१३ एप्रिल, दुपारी १
यंत्र चहाडखोर निघालं. ठिपका नसतानाही मी दाबत होतो, हे छापूनच दिलं. बाईंनी टेस्ट पुन्हा घेतली. आणखी आकसलीय. गाडी बंद.

दुपारी ४
दवाखान्यातून बाहेर आलो तर आमच्याच गाडीत, स्टिअरिंगमागे बायको. लायसन दाखवलं. पहिल्या रिपोर्टच्या दुसऱ्याच दिवशी तिने समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. माझ्याकडे शिकली असती तर घटस्फोट झाला असता म्हणाली. शेजारी बसलो. निघताना म्हणालो, डावीकडे बघ. म्हणाली, बघितलं, सायकलवाला होता, गेला. मला काहीच दिसलं नव्हतं. म्हणालो, मला नाही दिसला गं. ती म्हणाली, माहितेय. बेल्ट लावा.